हैदराबादला येताय? मोठी पिशवी आणा

गेल्या अंकात मी चारमिनारजवळच्या बांगड्यांवर चार ओळी काय लिहिल्या, तुम्ही पत्रांचा ढीगच पाठवलात. त्यामुळे ह्या महिन्यात बाकी सगळं बाजूला, फक्त माझं सासरगाव हैदराबाद आणि तिथली खरेदी. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, आपला प्रश्न दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न (सांगली) : ताई, तुम्ही आमच्या सांगलीच्या. लग्नानंतर हैदराबादला गेलात आणि आता फोटोत नेहमी तिकडच्याच साड्या दिसतात. पैठणी, इरकल सोडली का?

नाही हो, पैठणी कपाटात मलमलमध्ये गुंडाळून आहे आणि लग्नकार्याला बाहेर निघतेच. इरकल मात्र खरंच मागे पडली, कारण इथे आल्यावर नारायणपेठ रोजच्या वापरात आली. नारायणपेठ म्हणजे काही परकी साडी नाही, आपल्या आज्यांच्या ट्रंकेत ती असायचीच. गाव आता तेलंगणात, कर्नाटकच्या सीमेला लागून. चौकडीचं किंवा प्लेन अंग, रुंद गडद काठ, काठावर देवळाच्या शिखरासारखी टोकं. सुती घेतली तर ऑफिसला नेसून बसमध्ये चढा, उतरा, संध्याकाळपर्यंत तशीच राहते, फक्त पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळी धुवा कारण गडद रंग थोडा सुटतो. आता इंटरनेटवर सगळीकडे एक गोष्ट कॉपी-पेस्ट झालेली दिसेल की १६३० साली शिवाजी महाराजांचा तिथे मुक्काम होता आणि त्यांच्यासोबतचे काही विणकर मागे राहिले म्हणून ही साडी सुरू झाली. अहो, १६३० हे महाराजांचं जन्मसाल आहे! साडी विकायला इतिहास लागतोच असं नाही, काठ बघून पण विकली जाते.

दुसरी माझी लाडकी म्हणजे सिद्दीपेटची गोल्लभामा. डोक्यावर दुधाचं मडकं घेतलेली गवळण, ती पण एम्ब्रॉयडरी नाही, मागावरच विणलेली, पदरावर ओळीने उभ्या असतात. फार लोकांना माहीत नाही त्यामुळे नेसून गेलं की बायका हमखास पदर हातात घेऊन बघतात. आणि तेलिया रुमाल हे कापड. लाल, काळा, पांढरा एवढेच रंग, सुताला आधी तेलाची प्रक्रिया करतात म्हणून तेलिया. नळगोंडा भागातल्या पुट्टपाकाला विणतात, २०२० साली जीआय, म्हणजे त्या भागाचीच खासियत असल्याचा सरकारी शिक्का, पण मिळाला. माझ्याकडे त्याचा दुपट्टा आहे, नवीन असताना तेलाचा वास यायचा आणि घरात सगळे नाक मुरडायचे, मला आवडायचा.

प्रश्न (नांदेड) : मुलीचं लग्न आहे. दोन दिवस हैदराबादला येतोय, मी, मुलगी आणि जाऊबाई. मानपानाच्या साड्या, मुलीचे दागिने, बांगड्या, सगळं होईल का? कुठून सुरुवात करू?

होईल, पण "सगळा बाजार बघू मग ठरवू" असं केलंत तर होणार नाही. रात्रीच्या गाडीने येऊन काचीगुडाला उतरा म्हणजे जुनं शहर जवळ पडतं. आणि सकाळी आठला बाजारात जाऊन उभं राहू नका, ह्या शहराला सकाळची घाई नाही, अकराच्या आधी शटर वर जात नाही, कुठे कुठे बारा. तोवर पोटभर इडली-डोसा खाऊन घ्या.

पहिला दिवस मदिना आणि पत्थरगट्टी. मदिना भागात कापडाचा होलसेल बाजार आहे, मानपानाच्या साड्या, ब्लाऊजपीस, ड्रेस मटेरियल तिथून. काही दुकानं सिंगल पीस देतच नाहीत, तुम्हाला वीस-पंचवीस लागणार म्हणजे तुमचं कामच झालं, पण जाताना यादी पक्की करून जा, कुणाला किती बजेटची. जाऊबाईंच्या माहेरची माणसं ऐनवेळी आठवली तर परत त्याच डिझाईनचा गठ्ठा मिळत नाही. तिथून चारमिनारकडे चालत निघालात की दगडी कमानींखालची दुकानं लागतात, ती पत्थरगट्टी, मोती तिथे. आणि चारमिनारच्या पश्चिमेला जी गल्ली निघते तो लाड बाजार, बांगड्या तिथे. सगळं चालत चालत एका रेषेत आहे.

दुसरा दिवस मुलीच्या साड्यांना. गदवाल बघाच. सुती अंग आणि सिल्कचा काठ-पदर, दोन वेगवेगळे धागे मागावरच एकमेकांत अडकवून जोडतात, साडी उलटी करून अंग आणि काठ जिथे भेटतात तिथे बोट फिरवा, जोड हाताला लागतो. काठ भरजरी दिसतो पण अंग सुती असल्याने मुलगी दिवसभर नेसली तरी वैतागत नाही. सासरी पहिल्या सणाला नेसायला ह्याच्यासारखी साडी नाही असं माझं स्पष्ट मत. पूर्ण सिल्क गदवाल पण मिळते, ती महाग.

आणखी एक, तुमच्या सासूबाई असतील तर त्यांना विचारा, मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता ना, नांदेड-परभणीच्या कितीतरी घरांत लग्नाचा बस्ता इकडूनच बांधला जायचा. कोठी-सुलतान बाजार भागात मराठी मंडळी जुनी आहेत, विवेक वर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था तिथलीच. त्या भागात आजही "काकू, आत या" असं म्हणणारा दुकानदार भेटू शकतो, तेव्हा भावावरून आपसात मराठीत कुजबुजताना जरा जपून.

प्रश्न (पुणे) : ऑनलाईन "पोचमपल्ली इकत" साडी ९०० रुपयांना घेतली. छान आहे पण मैत्रीण म्हणते ही प्रिंट आहे. कसं ओळखायचं?

मैत्रीण बरोबर बोलतेय, न बघताच सांगते. नऊशेत हातमागाचं इकत परवडणारच नाही कुणाला. का ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी किंमत ऐकून तुम्हालाच कळेल.

इकतमध्ये डिझाईन कापडावर छापत नाहीत, विणायच्या आधी सुतावर रंगवतात. आधी एक चौकट असते, तिला आसू म्हणतात, अर्धगोलात खुंट्या लावलेल्या, त्या खुंट्यांभोवती धागा पुढे-मागे, पुढे-मागे असा गुंडाळत जायचा. हे काम घरातल्या बायकाच करत आल्या, एका साडीसाठी हात हजारो वेळा तोच फेरा मारतो, खांदा कामातून जातो. तेलंगणातल्याच चिंतकिंदी मल्लेशम ह्यांनी आईचे हाल बघून आसूचं मशीन बनवलं, आईच्याच नावाने, लक्ष्मी आसू. २०१७ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तर हा धागा गुंडाळून झाला की त्यावर खुणा करायच्या, जिथे रंग नको तिथे रबराच्या पट्टीने घट्ट बांधायचं, रंगात बुडवायचं, सोडायचं, परत दुसरीकडे बांधायचं, दुसरा रंग, आणि मग कुठे मागावर. आता सांगा, नऊशे?

ओळखायच्या खुणा सोप्या. साडी उलटी करा. खरं इकत दोन्ही बाजूंनी सारखंच गडद असतं, प्रिंट मागून फिकट. दुसरं म्हणजे डिझाईनची कड. इकतची कड कधीच ब्लेडने कापल्यासारखी नसते, थोडी पसरलेली, पिसासारखी असते, कारण विणताना धागा केसभर इकडेतिकडे सरकतोच. एकदम रेखीव, शार्प कड दिसली की समजा मशीनने छापलंय. तिसरं, कडेचा एक धागा ओढून बघा, इकतमध्ये एकाच धाग्यावर तुकड्या-तुकड्याने रंग बदललेला दिसेल. दुकानात हे करू देणार नाहीत अर्थात, पण काठाची सुटी दशी असतेच की.

सुती साधारण तीन हजारांच्या पुढे धरा, सिल्क आठ-दहाच्या पुढे, आणि डबल इकत म्हणजे उभे-आडवे दोन्ही धागे रंगवलेले असले तर त्याच्याही बरंच पुढे. हँडलूम मार्क, सिल्कला सिल्क मार्कचं लेबल बघून घ्या. छापलेली नेसू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, पावसाळ्यात मी पण नेसते, फक्त प्रिंटला प्रिंटचेच पैसे द्या.

आणि हैदराबादला आलातच तर पोचमपल्लीला जाऊन या, ४५-५० किलोमीटर आहे, अर्ध्या दिवसात होतं. गावाचं पूर्ण नाव भूदान पोचमपल्ली, कारण विनोबांची भूदान चळवळ १८ एप्रिल १९५१ ला इथूनच सुरू झाली. आपल्या गागोद्याच्या माणसाने ह्या गावाच्या नावात शब्द घातला, आणि मराठी टुरिस्ट साडी घेऊन तसेच परत फिरतात ह्याचं मला वाईट वाटतं, तिथे विनोबांचं स्मारक आहे, पाच मिनिटं थांबा. गावात विणकरांची सोसायटी पण आहे आणि घराघरातून पण विकतात. घरातून घेतलीत तर माग बघायला मिळतो, सोसायटीत भाव ठरलेले म्हणून डोक्याला ताप नाही. मी दोन्हीकडून घेते.

प्रश्न (कोल्हापूर) : आईचा तन्मणी तुटलाय, काही मोती हरवले. हैदराबाद मोत्यांचं शहर म्हणतात, तर तिथे बसरा मोती मिळतील का? फसवणूक तर होणार नाही?

मोत्यांचं शहर खरं, पण ह्या मातीत मोती पिकत नाहीत. पूर्वी आखातातून यायचे, बसरा म्हणजे तेच नैसर्गिक मोती, इथे निवडायचे, भोकं पाडायची, ओवायचे, आणि निजामाचं गिऱ्हाईक दारात. कसब ते आहे, आणि ते आजही आहे. आज दुकानात जे दिसतात ते बहुतेक चीनमधले गोड्या पाण्यातले कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले मोती. ते खोटे नाहीत, शिंपल्यातच तयार होतात, फक्त बसरा नाहीत. तेव्हा कुणी सहज "मॅडम ये असली बसरा है" म्हणत डबी पुढे केली तर छान म्हणून हसा आणि पुढच्या दुकानात जा. नैसर्गिक की कल्चर्ड हे डोळ्यांनी कळत नाही, त्याला लॅबमध्ये एक्स-रे काढावा लागतो.

प्लास्टिक-काच आणि खरा मोती हा फरक मात्र घरी कळतो. दाताच्या कडेवर हलकेच घासा, खरा किंचित खरखरीत लागतो, खोटा गुळगुळीत. भोकाजवळ नीट बघा, खोट्याचा मुलामा तिथेच सुटायला लागतो.

आता तुमचा तन्मणी. आईचे जे मोती उरलेत ते जुने आहेत, कदाचित खरंच बसरा असतील, ते कुणाला "एक्स्चेंज" करू नका, कितीही गोड बोलले तरी. मोती आधी घरी मोजा, वजन करा, फोटो काढा, आणि समोर बसून ओवून घ्या. पत्थरगट्टीत बऱ्याच दुकानांत ओवणारा माणूस तिथेच बसलेला असतो. आपल्याकडे पटवेकरी असतात ना, तसाच, रेशमी दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, आणि दोन्ही हात मोकळे. मी माझी चिंचपेटी नेली होती तेव्हा त्या म्हाताऱ्या चाचांनी आधी सगळे मोती एका कापडावर ओतले, बोटाने फिरवत फिरवत आकाराने लावले, दोन बाजूला सारले आणि म्हणाले हे दोन नंतर कुणीतरी घातलेत, हे ह्या घरचे नाहीत. बरोबर होतं, आमच्या आत्याने बदलले होते. अशा माणसाकडे द्या. कमी पडणारे मोती रंगाला जुळवून घ्या, जुना मोती पिवळसर असतो, शुभ्र नवीन घातला की तो एकटाच दिसतो.

प्रश्न (ठाणे) : लाखेच्या बांगड्या उन्हात वितळतात हे खरं का? आणि ऑनलाईन साईझ कळत नाही.

वितळून ओघळत नाहीत, पण मऊ पडतात आणि खडे निखळतात. बंद गाडीत डॅशबोर्डवर, गिझरच्या वर, अशा ठिकाणी ठेवू नका बस. साईझ आपलीच, दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. पण लाख काचेसारखी सरकत नाही, शिवाय जाड असते, म्हणून काचेच्या मापापेक्षा एक नंबर मोठी घ्या.

शक्य असेल तर लाड बाजारात स्वतः जा, कारण खरी मजा बनताना बघण्यात आहे. मागच्या गल्ल्यांत कोळशाच्या शेगडीवर लाखेची कांडी गरम करतात, रंगीत लाखेचा थर चढवतात, लांब वळी करून गोल वळवतात, टोकं जोडतात, लाकडी साच्यावर माप देतात. मग खडे. लाख परत जरा गरम करायची आणि ती मऊ आहे तोवर एकेक खडा उचलून बसवायचा, तिथे बसलेल्या बायकांचे हात बघत राहावेत असे चालतात, गप्पा चालू, नजर खड्यावर. साडी सोबत नेलीत तर रंग जुळवून करून पण देतात. मार्च २०२४ मध्ये ह्या बांगड्यांना जीआय मिळाला, तेव्हापासून प्रत्येक दुकानदार ते सांगतो, ज्याच्याकडे नुसत्या काचेच्या आहेत तो पण सांगतो. काचेच्या बहुतेक फिरोजाबादच्या असतात, हिरवा चुडा भरायचा असेल तर तो तुमच्या ठाण्यात काय आणि इथे काय सारखाच.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : घासाघीस कशी करायची? तेलुगू येत नाही.

जुन्या शहरात तेलुगू लागतच नाही, दखनी उर्दू चालते आणि तुम्हा मराठवाड्याच्या लोकांना ती शिकवायची गरज नाही. "कैकु इत्ता बोलरे भाई" म्हणायचं आणि "नक्को" म्हणून दोन पावलं चालायचं. लाड बाजारात निम्म्यापासून सुरुवात करा. मोठ्या शोरूममध्ये आणि सरकारी दुकानात, म्हणजे गोलकोंडा हँडीक्राफ्ट्स वगैरे, फिक्स्ड रेट. विणकराच्या घरी मात्र घासाघीस करू नका, मला ते बघवत नाही.

प्रश्न (नागपूरहून नोकरीसाठी गच्चीबावलीत आलेली) : पीजीत राहते, पगार पहिलाच. ऑफिसला काहीतरी वेगळं पण परवडणारं हवंय. साडी नाही.

इकत मीटरवर घे! साडीच्या मानाने अगदी परवडतं. अडीच मीटरमध्ये कुर्ता होतो, उरलेल्याची पाऊच किंवा कुर्त्याला नाही तर पलाझोला पट्टी. तुझ्या जवळ माधापूरला शिल्पारामम हे हस्तकलांचं गाव आहे, विणकरांचे स्टॉल असतात, प्रिंट पण असतं, वरच्या खुणा वाचून जा. मंगळगिरीचं कॉटन पण बघ, आंध्रातलं, प्लेन अंगाला बारीक जरीचा काठ, त्याला निजाम बॉर्डर म्हणतात, त्याचा सरळ शिवलेला कुर्ता मीटिंगमध्ये एकदम क्लासी दिसतो. रविवारी मेट्रोने सुलतान बाजारला जा, स्टेशन त्याच नावाचं, तिथे लेगिंग, दुपट्टे, झुमके स्वस्तात. पांढरा दुपट्टा घेऊन रंगरेजाकडून कुर्त्याला मॅच रंगवून घेता येतो, तुकडा सोबत ने. बॅग पुढे घेऊन चाल, गर्दी बेक्कार असते.

प्रश्न (डोंबिवली) : तिकडचं मग्गम वर्कचं ब्लाऊज हवंय. कापड पाठवून होईल का?

होईल, पण आधीच कापून पाठवू नका. कापड अख्खं लागतं, त्यावर मापाने गळा-बाह्या आखतात, चौकटीवर ताणून आरीच्या सुईने भरतकाम करतात, शिवण सगळ्यात शेवटी. त्यामुळे सोबत तुमचं व्यवस्थित बसणारं एक जुनं ब्लाऊज पाठवा. आणि कार्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची तारीख सांगा, कारण "परसों" हा शब्द इथे कितीही लांब ताणला जातो. एका बुटिकने माझ्या नणंदेचं ब्लाऊज हळदीच्या रात्री दिलं होतं, ते पण एका बाहीवर मोर आणि दुसऱ्यावर नुसती वेल.

प्रश्न (लातूर) : सेल कधी असतो?

आषाढात. तेलुगू घरांत आषाढात लग्नं नसतात, नव्या नवरीला माहेरी पाठवतात, दुकानं ओस पडतात म्हणून मग सगळीकडे "आषाढम ऑफर". श्रावणात लग्नं सुरू झाली की भाव जागेवर. ज्यांच्या घरी हिवाळ्यात कार्य आहे त्यांनी आषाढातच बस्ता उरकावा. रमजानच्या शेवटच्या रात्री चारमिनारला पहाटेपर्यंत बाजार असतो आणि भाव पण खाली येतात, पण चालायला जागा नसते, लहान मुलं आणि सासूबाई दोघांना घरी ठेवून या.

प्रश्न (नाशिक) : आमचे मिस्टर पहिल्याच दुकानात कंटाळतात. त्यांचं काय करू?

चारमिनारला लागूनच निमराह आहे, इराणी चहा आणि गरम उस्मानिया बिस्किटं. तिथे सोडा, सगळ्या पिशव्या त्यांच्याजवळ द्या आणि तुम्ही निवांत लाड बाजारात शिरा. दोन चहा होईपर्यंत ते फोन करणार नाहीत, तिसऱ्याला करतील, तो उचलू नका.